आर्गोसचे वाटाडे आणि अगामेम्नॉनचे थडगे

इ. स. च्या दुसऱ्या शतकात ग्रीसमधील आर्गोस नगरात एका प्रवाशाला तेथील वाटाड्यांनी तीन गोष्टींविषयी मोठ्या अभिमानाने सांगितले. एक, हेराक्लीसची पत्नी डेआनाइरा हिची कबर. दुसरी, ट्रॉयचा राजपुत्र हेलेनस याची कबर. तिसरी, जिच्यावर ट्रॉयचे भवितव्य अवलंबून होते ती अथीनादेवीची मूर्ती. प्रवासी बहुश्रुत होता. डेआनाइरा आर्गोसमध्ये नव्हे तर दूर ट्रेकिसजवळ मरण पावली आणि देवीची मूर्ती इनिअसने इटलीला नेली, हे त्याला ठाऊक होते. त्याने हे दावे नोंदवले, खोडून काढले आणि जाता जाता एक निरीक्षण टिपून ठेवले. आपले सगळे सांगणे खरे नाही हे आर्गोसच्या वाटाड्यांनाही कळते, पण लोकांच्या मनात बसलेले मत हलवणे सोपे नसल्यामुळे ते तेच सांगत राहतात, असा त्याचा आशय आहे.

या प्रवाशाचे नाव पॉसेनियस. तो बहुधा आशिया मायनरमधील लिडिया प्रांताचा. ग्रीसचे वर्णन करणारा त्याचा दहा भागांचा ग्रंथ आज उपलब्ध आहे. त्यातला दुसरा भाग कॉरिंथ आणि आर्गोलिड या प्रदेशांचा आहे. आज अथेन्सहून सकाळी निघणाऱ्या आणि कॉरिंथचा कालवा, मायसीनी, नाफ्प्लिओ, एपिडॉरस अशी फेरी करून संध्याकाळी परतणाऱ्या बसगाड्या नेमक्या याच दुसऱ्या भागातून जातात. प्रवाशांच्या हाती पॉसेनियसचा ग्रंथ नसतो, पण गाइडच्या तोंडी जी नावे येतात त्यातली निम्मी त्याच्याच पानांतून आलेली असतात. हा धागा त्या एका दिवसाच्या वाटेने जाणारा आहे.

आधी वाटाड्यांविषयी थोडे. रोमन साम्राज्याच्या काळात ग्रीस राजकीयदृष्ट्या दुबळा, परंतु भूतकाळाच्या बाबतीत श्रीमंत प्रांत होता. सधन घरांतील रोमन तरुण शिक्षणासाठी अथेन्सला येत. सम्राट हेड्रियन स्वतः ग्रीक संस्कृतीचा भक्त होता. पाहायला येणारे होते, त्यामुळे दाखवणारेही होते. त्यांना 'एक्सेगेटेस', म्हणजे उलगडून सांगणारे, असे म्हणत. त्यांची कीर्ती फारशी चांगली नव्हती. प्लुटार्कच्या एका संवादात डेल्फीचे वाटाडे पाठ केलेले भाषण शेवटपर्यंत म्हणत राहतात. 'जरा आवरते घ्या' या विनवणीकडे ते लक्ष देत नाहीत आणि प्रत्येक शिलालेख वाचून दाखवतात. उपरोधासाठी प्रसिद्ध असलेल्या लूशियनने तर असे सुचवले आहे की ग्रीसमधून दंतकथा काढून टाकल्या तर हे वाटाडे उपाशी मरतील, कारण परदेशी पाहुण्यांना सत्य फुकटातही नको असते. विनोद बाजूला ठेवला तरी व्यवहाराची एक बाजू उरतेच. ऐकणाऱ्याला काय हवे आहे, याचा अंदाज घेऊनच सांगणारा बोलत असतो.

आजच्या ग्रीसमध्ये गाइड परवानाधारक असतात, बहुतेक जण पुरातत्त्वाचे रीतसर शिक्षण घेतलेले असतात आणि लूशियनची टीका त्यांना लागू करणे अन्यायाचे ठरेल. पण अडचण तीच आहे. बसमध्ये पन्नास माणसे, प्रत्येक ठिकाणी दीड तास, आणि समोर असे दगड की ज्यांच्यावर एकही अक्षर कोरलेले नाही.

अथेन्स सोडल्यावर बस एल्युसिसजवळून जाते. जिथे दीमिटर देवीच्या गूढ विधींसाठी हजारो लोक पवित्र मार्गाने पायी येत, तिथे आज तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या चिमण्या आहेत. बस थांबत नाही. पुढे मेगारानंतर डोंगर थेट समुद्रात उतरतो. स्किरॉन नावाचा दरोडेखोर वाटसरूंना आपले पाय धुवायला लावून कड्यावरून खाली ढकलत असे आणि थीसियसने त्याला त्याच मार्गाने धाडले, ती ही जागा. पॉसेनियसने ही कथा सांगितली आहे, आणि त्याचबरोबर एक कोरडी माहितीही दिली आहे. ही अरुंद वाट हेड्रियनने रुंद करवून घेतली, त्यामुळे समोरासमोरून येणारे दोन रथ एकमेकांना ओलांडू शकत. आज तिथे बोगदे आणि महामार्ग आहे. दरोडेखोराची गोष्ट सगळे सांगतात. रस्त्याच्या रुंदीकरणाची सहसा कोणी सांगत नाही.

कॉरिंथच्या कालव्यावर बस वीस मिनिटे थांबते. सुमारे ६.४ किलोमीटर लांबीचा, उभ्या कड्यांमधला हा चिंचोळा जलमार्ग १८८२ ते १८९३ या काळात खोदला गेला. इ. स. ६७ मध्ये नीरोनेही तो खोदायला घेतला होता, त्यासाठी ज्यू युद्धकैदी आणले गेले होते, आणि पुढच्याच वर्षी नीरोच्या मृत्यूबरोबर काम बंद पडले. पॉसेनियसने ते अर्धवट खोदकाम प्रत्यक्ष पाहिले होते. देवांनी घडवलेले माणसाने बळाने बदलू नये, असा त्याने त्यातून धडा काढला. तो धडा साडेसतराशे वर्षे टिकला आणि मग सुरुंगाच्या दारूने तो संपवला. एकोणिसाव्या शतकातील अभियंत्यांना नीरोच्या माणसांनी घेतलेले चर आणि चाचणीचे खड्डे त्याच रेषेवर सापडले, हे विशेष.

यानंतर आर्गोलिड. संत्र्यांच्या बागा, ऑलिव्हची झाडे, आणि दोन उघड्याबोडक्या डोंगरांच्या बेचक्यात राखाडी रंगाची एक टेकडी. दुरून पाहणाऱ्याला ती टेकडी आणि तिच्यावरची भिंत वेगळी ओळखू येत नाही. हे मायसीनी.

इथे पॉसेनियस आला तेव्हा ते ओसाड होते. तटाचे काही भाग आणि दारावरचे सिंह एवढेच त्याने उभे असलेले सांगितले. हे काम सायक्लॉप्स नावाच्या एकाक्ष राक्षसांचे, अशी समजूतही त्याने नोंदवली. त्या दगडांकडे पाहिल्यावर ती समजूत क्षम्य वाटते. सिंहद्वाराच्या माथ्यावरची आडवी शिळा सुमारे वीस टनांची आहे. तिच्यावर भार पडू नये म्हणून वर त्रिकोणी पोकळी ठेवली आहे, आणि ती पोकळी झाकण्यासाठी एका स्तंभाच्या दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या दोन सिंहांचे शिल्प बसवले आहे. त्यांची डोकी वेगळी घडवून जोडलेली होती. ती केव्हाच नाहीशी झाली. हे द्वार इ. स. पू. १२५० च्या आसपासचे आहे.

पॉसेनियसने पुढे जे लिहिले त्याने पुरातत्त्वाचा इतिहास बदलला. मायसीनीच्या अवशेषांत अट्रियस आणि त्याच्या मुलांची भूमिगत कोषागारे आहेत, असे तो म्हणतो. तिथेच अट्रियसची, आणि ट्रॉयहून परतल्यावर एजिस्थसने मेजवानीच्या वेळी ठार मारलेल्या अगामेम्नॉनची व त्याच्या सोबत्यांची थडगी आहेत. क्लायटेम्नेस्ट्रा आणि एजिस्थस यांना मात्र तटापासून थोडे दूर पुरले. ज्या तटाच्या आत अगामेम्नॉन आहे त्याच्या आत जागा मिळण्याची त्यांची योग्यता मानली गेली नाही.

'तटाच्या आत' म्हणजे कोणत्या तटाच्या? बहुतेक विद्वानांनी हा खालच्या नगराचा बाहेरचा तट मानला होता. हाइनरिश श्लीमान हा जर्मन व्यापारी त्यांच्याशी सहमत नव्हता. पॉसेनियसने बाहेरचा तट पाहिलाच नसावा, त्याच्या डोळ्यांसमोर बालेकिल्ल्याचाच तट होता, म्हणून कबरी बालेकिल्ल्याच्या आतच असणार, असा युक्तिवाद त्याने १८६९ सालीच छापून प्रसिद्ध केला होता. १८७६ मध्ये त्याने सिंहद्वाराच्या आत, उजव्या हाताला खणायला घेतले. पाच खोल कबरी सापडल्या. सोन्याचे मुखवटे, सोन्याची ताटे, खंजीर, अंबरचे मणी. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याने ग्रीसच्या राजाला तार केली, की पॉसेनियसने उल्लेखिलेली अगामेम्नॉन, कसॅन्ड्रा आणि त्यांच्या सोबत्यांची थडगी आपल्याला मिळाली आहेत. अगामेम्नॉनच्या चेहऱ्याकडे आपण पाहिल्याचे जे प्रसिद्ध वाक्य त्याच्या नावावर फिरते ते त्या तारेत नाही. वाक्य दंतकथेचे आहे, आणि ते आजही जवळजवळ प्रत्येक बसमध्ये ऐकवले जाते.

त्या कबरी इ. स. पू. सोळाव्या शतकाच्या आहेत. प्राचीन ग्रीकांनी स्वतः केलेल्या गणनेनुसार ट्रॉयचा पाडाव इ. स. पू. ११८४ चा. म्हणजे ट्रॉयचे युद्ध खरोखर झाले असे गृहीत धरले तरी मुखवट्याचा धनी त्याच्या तीनशेहून अधिक वर्षे आधी मेलेला होता. इतकेच नव्हे, ज्या मृताचा चेहरा बऱ्यापैकी टिकलेला पाहून श्लीमान भारावला तो आणि ज्याच्या तोंडावर तो प्रसिद्ध दाढीवाला मुखवटा होता तो, ही एकाच कबरीतील दोन वेगळी माणसे होती, असे अभ्यासक मानतात. 'अगामेम्नॉनचा मुखवटा' हे नाव मात्र अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात त्या मुखवट्याला कायमचे चिकटले आहे.

आता खरा पेच. पॉसेनियसला त्या कबरी दिसल्या असणे शक्य नव्हते. त्याच्या काळी त्या कित्येक मीटर मातीखाली होत्या. त्याला कोणीतरी काहीतरी सांगितले होते, बहुधा आसपासच्या घुमटाकार थडग्यांकडे बोट दाखवून. श्लीमानने ते ऐकीव विधान अक्षरशः घेतले, त्याचा चुकीचा अर्थ लावला, आणि बरोबर जागी खणले. चुकीच्या माहितीने योग्य ठिकाणी नेल्याचे याहून ठळक उदाहरण पुरातत्त्वात क्वचितच सापडेल.

पण त्या जागेचे मोल केवळ श्लीमानला कळले होते असे नाही. इ. स. पू. १२५० च्या सुमारास, सिंहद्वार बांधताना, मायसीनीच्या राज्यकर्त्यांनी तटाची रेषा मुद्दाम बाहेर सरकवली आणि या जुन्या कबरी आत घेतल्या. जमीन भरून उंच केली, कबरींवरच्या शिळा नव्या पातळीवर पुन्हा उभ्या केल्या आणि भोवती उभ्या फरशांचे दुहेरी वर्तुळ बांधले. आज पर्यटक जे वर्तुळ पाहतात ते त्या वेळचे आहे. तेव्हा त्या कबरी सुमारे तीनशे वर्षे जुन्या होत्या. आत कोण झोपले आहे हे तेराव्या शतकातील राजाला नेमके ठाऊक असेल असे मानायला आधार नाही. पण द्वारातून येणाऱ्या प्रत्येकाला उजव्या हाताला आपले पूर्वज दिसावेत, ही त्याची इच्छा दगडांत स्पष्ट वाचता येते. दाखवण्याची ही परंपरा पॉसेनियसच्याही चौदा शतके आधीची आहे.

बसमधील निवेदनात एक माणूस बहुधा हरवतो. पनायोटिस स्टामाटाकिस. श्लीमानच्या उत्खननावर देखरेखीसाठी नेमलेला हा ग्रीक पुरातत्त्वज्ञ. श्लीमानला होमरच्या काळाखेरीज कशातच रस नव्हता. वरच्या थरांतील ग्रीक आणि रोमन काळाच्या भिंती, खापरे, जे वाटेत येई ते उखडून टाकण्याची त्याला घाई असे. स्टामाटाकिस विरोध करी, कामगार थांबवी, अथेन्सला तक्रारीची पत्रे लिही. श्लीमान दांपत्याशी त्याचे रोज खटके उडत. श्लीमानच्या पुस्तकात तो अडथळा म्हणून येतो. वस्तुतः कोणती वस्तू कोणत्या कबरीत, कोणत्या पातळीला मिळाली याच्या काळजीपूर्वक नोंदी त्यानेच ठेवल्या. श्लीमान निघून गेल्यावर १८७७ मध्ये सहावी कबर त्याने शोधली, आणि तिचे उत्खनन पाचही कबरींपेक्षा शिस्तीत झाले. सहा कबरींत मिळून एकोणीस माणसे होती: पुरुष, स्त्रिया आणि दोन लहान मुले. सोन्याच्या पत्र्यात गुंडाळलेल्या त्या मुलांविषयी बोलायला दीड तासात वेळ उरत नाही.

स्टामाटाकिसची कीर्ती झाली नाही याचे कारण उघड आहे. त्याच्याजवळ गोष्ट नव्हती. लहानपणापासून होमरचे स्वप्न पाहणारा, व्यापारात पैसा कमावून ते खरे करणारा श्लीमान ही गोष्ट आहे, आणि ती श्लीमानने स्वतःच रचून, रंगवून जगाला दिली. थर मोजणारा आणि पत्रे लिहिणारा माणूस ही गोष्ट होत नाही. अलीकडे त्याच्या नोंदवह्यांचा नव्याने अभ्यास झाल्यापासून तज्ज्ञांच्या लेखनात त्याला जागा मिळू लागली आहे. माहितीफलकांवर ती यायला अजून वेळ लागेल.

बालेकिल्ल्याच्या खाली, रस्त्याच्या कडेला, 'अट्रियसचे कोषागार' आहे. हे कोषागार नाही आणि त्याचा अट्रियसशी संबंध असल्याचा कोणताही पुरावा नाही. हे थडगे आहे. डोंगर कापून काढलेली छत्तीस मीटरची वाट, तिच्या टोकाला उंच दार, आणि आत मधमाशांच्या पोळ्यासारखा घुमट. व्यास साडेचौदा मीटर, उंची साडेतेरा मीटरच्या आसपास. दगडाचा प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा थोडा आत सरकवत नेऊन शेवटी वर मिटवला आहे. दारावरची आतली शिळा सुमारे १२० टनांची. यापेक्षा मोठा घुमट जगाला रोमन काळापर्यंत, म्हणजे हजारावर वर्षे, बांधता आला नाही. आत कोण होते? थडगे प्राचीन काळीच लुटले गेले. दाराच्या दोन्ही बाजूंचे नक्षीदार हिरवे स्तंभ एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी आयर्लंडला गेले आणि त्यांचे मोठे भाग आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

याच रस्त्यावर, बालेकिल्ला आणि हे थडगे यांच्या मध्ये, बसच्या खिडकीतून काही बुटके पाये दिसतात. तिथे बस थांबत नाही. १९५० च्या दशकात या घरांत मातीच्या पाट्या सापडल्या. आगीत भाजून पक्क्या झाल्या म्हणून त्या टिकल्या. त्यांच्यावरची लिपी रेखालिपी-ब. मायकेल व्हेंट्रिस या इंग्रज वास्तुविशारदाने १९५२ मध्ये तिचा उलगडा केला आणि ती ग्रीक भाषाच निघाली. पाट्यांवर काय आहे? धणे, जिरे, तीळ, बडीशेप, पुदिना. कोणाकडून किती आले, कोणाकडून किती येणे आहे. लोकरीचे हिशेब, तेलाचे हिशेब. आजवर मिळालेल्या पाट्यांपैकी एकीवरही राजा अगामेम्नॉनचे नाव नाही. मायसीनीच्या माणसांनी स्वतःच्या हाताने लिहिलेले जे काही आपल्यापर्यंत पोहोचले आहे ते हे, आणि त्यातला जिऱ्याचा 'कुमिनो' हा शब्द युरोपातील अनेक भाषांत थोड्याफार फरकाने आजही जिवंत आहे.

मायसीनीचा खरा शेवटही सहलीत क्वचितच सांगितला जातो. कांस्ययुगातील वैभव इ. स. पू. बाराव्या शतकात लयाला गेले, पण गाव उरले. इ. स. पू. ४८० मध्ये पर्शियन स्वारीच्या वेळी या लहानशा गावाने थर्मोपिलीला ऐंशी माणसे पाठवली. पुढच्या वर्षी प्लॅटियाच्या रणांगणावर मायसीनी आणि शेजारचे तिरिन्स यांची मिळून चारशे माणसे होती. विजयानंतर डेल्फीला उभारलेल्या सर्पस्तंभावर लढलेल्या नगरांची नावे कोरली गेली. त्यांत या दोन्ही गावांची नावे आहेत. आर्गोस हे त्या भागातील बलाढ्य नगर युद्धात तटस्थ राहिले होते. त्याचे नाव तिथे नाही. पॉसेनियसच्या म्हणण्याप्रमाणे हाच मत्सर मायसीनीला भोवला. इ. स. पू. ४६८ च्या सुमारास आर्गोसने मायसीनी जिंकून रिकामे केले, तिरिन्सचीही तीच गत झाली. तो स्तंभ पुढे सम्राट कॉन्स्टन्टाइनने आपल्या नव्या राजधानीत नेला. आज इस्तंबूलमध्ये त्याचा डोके नसलेला बुंधा उभा आहे. हे सारे पुराव्याने सिद्ध करता येण्यासारखे आहे, त्यात शौर्य आहे, विश्वासघात आहे, शोकान्त आहे. तरीही अगामेम्नॉनच्या स्नानगृहातील कुऱ्हाडीपुढे त्याचा टिकाव लागत नाही.

तिरिन्स नाफ्प्लिओच्या वाटेवर लागते. बस वेग थोडा कमी करते एवढेच. इथल्या तटातला लहानात लहान दगडही खेचरांच्या जोडीला हलवता येणार नाही, असे पॉसेनियस म्हणतो. ग्रंथात अन्यत्र त्याने तक्रारच केली आहे, की ग्रीकांना परक्यांच्या गोष्टींचे कौतुक जास्त. इजिप्तच्या पिरॅमिडांचे बारकाईने वर्णन करणारे नामवंत लेखक तिरिन्सच्या तटाचा साधा उल्लेखही करत नाहीत. तिरिन्स आजही बसच्या खिडकीतूनच पाहिले जाते.

नाफ्प्लिओत जेवण. पॉसेनियसला हे ठिकाण निर्मनुष्य आढळले होते. स्थानिकांनी त्याला खडकावर कोरलेले एक गाढव आणि त्याची कथा सांगितली: गाढवाने द्राक्षवेलीचे शेंडे खाल्ले, पुढच्या हंगामात वेल अधिक बहरली, आणि माणसे छाटणी करायला शिकली. ही कथा नोंदवण्याच्या योग्यतेची नाही, असे म्हणत त्याने ती नोंदवली. आजचे नाफ्प्लिओ व्हेनेशियन आणि ऑटोमन काळाचे सुंदर बंदर आहे, स्वतंत्र ग्रीसची पहिली राजधानी. १८३१ मध्ये राष्ट्रप्रमुख कापोदिस्त्रियास यांचा खून सेंट स्पिरिडॉन चर्चच्या दारात झाला. भिंतीतली गोळीची खूण काचेखाली जपून ठेवली आहे. वरच्या पालामिदी किल्ल्याला ९९९ पायऱ्या आहेत असे सांगतात. मोजणाऱ्यांचा आकडा बहुधा वेगळाच येतो.

दिवसाचा शेवट एपिडॉरसला. वैद्यकदेवता अस्क्लेपियसचे हे क्षेत्र. पाइनच्या झाडीत डोंगराच्या उतारावर इ. स. पू. चौथ्या शतकात बांधायला घेतलेले रंगमंदिर आहे: पुढे केलेल्या वाढीसह पंचावन्न रांगा, बारा हजारांहून अधिक प्रेक्षकांची सोय. रोमन रंगमंदिरे मोठी असतील, पण प्रमाणबद्धतेत आणि सौंदर्यात याच्याशी कोण स्पर्धा करील, असे मत पॉसेनियसने दिले आहे. त्याच्या या मताशी अजून कोणी फारसे भांडलेले नाही.

इथे गाइड मध्यभागी उभे राहून नाणे टाकतो, कागद फाडतो किंवा काडी ओढतो. वरच्या रांगेतले प्रवासी हात उंचावून ऐकू आल्याची खूण करतात. हा विधी शंभर टक्के यशस्वी होतो. नेदरलँड्समधील आइंडहोवन तंत्रविद्यापीठाच्या संशोधकांनी ध्वनीची हजारो मोजमापे घेऊन २०१७ मध्ये जे निष्कर्ष मांडले ते जरा निराळे होते. नाणे किंवा कागद यांचा आवाज रंगमंदिरभर जाणवू शकतो, पण तो कशाचा आहे हे फक्त जवळच्या अर्ध्या भागातच ओळखता येते. कुजबुज तर शेवटच्या रांगेपर्यंत समजण्याजोगी पोहोचतच नाही. स्पष्ट, मोठ्या आवाजात बोललेले शब्द मात्र वरपर्यंत ऐकू येतात, आणि नटांना तेवढेच पुरेसे होते. ग्रीसमध्ये या निष्कर्षांवर बरीच नाराजी व्यक्त झाली. नाणी पडत राहिली. वरच्या रांगेत बसलेल्या माणसाला काय ऐकू यायला हवे हे आधीच सांगितलेले असते, आणि खालून नाणे टाकणाऱ्याचा हातही त्याला दिसत असतो.

रंगमंदिराखालच्या वाटेवर लहानसे संग्रहालय आहे. त्याच्या पहिल्याच दालनात ज्या शिळा आहेत, त्यांच्यासाठी मुळात हे सारे क्षेत्र ओळखले जाई. पॉसेनियसच्या काळी आवारात अशा सहा शिळा उरल्या होत्या. पूर्वी अधिक होत्या. त्यांवर बरे झालेल्या रुग्णांची नावे, त्यांचा आजार आणि बरे होण्याची रीत डोरिक बोलीत कोरलेली होती. १८८१ पासून पानायोटिस काव्वादियास यांनी येथे उत्खनन सुरू केले तेव्हा त्यांचे भाग खरोखर हाती आले. पॉसेनियसने पाहिलेले आणि आपण पाहतो ते, यांची इतकी सरळ गाठ फार थोड्या ठिकाणी पडते.

त्या शिळांवर अथेन्सच्या अँब्रोशिया नावाच्या स्त्रीची हकिकत आहे. ती एका डोळ्याने आंधळी होती. आवारात फिरताना इतरांच्या बरे होण्याच्या कथा वाचून ती हसली. नुसते स्वप्न पाहून लंगडे चालू लागतात, आंधळ्यांना दिसू लागते, हे तिला पटेना. रात्री देव स्वप्नात आला. तो म्हणाला, बरी करतो, पण मोबदला म्हणून तुझ्या अज्ञानाचे स्मारक असे एक चांदीचे डुक्कर देवळात ठेव. मग त्याने डोळा कापून औषध ओतले. सकाळी तिला दिसू लागले. पुजाऱ्यांनी ही कथा प्रवेश करणाऱ्या प्रत्येकाला वाचता येईल अशी ठेवली होती. शंका घेणाऱ्याला शंकेसकट कथेत सामावून घेण्याचे हे कौशल्य आर्गोसच्या कोणत्याही वाटाड्यापेक्षा वरचढ आहे.

तिथेच आणखी शिळा आहेत, ज्यांच्यासमोर कोणी थांबत नाही. त्या बांधकामाच्या हिशेबाच्या आहेत. अस्क्लेपियसचे देऊळ इ. स. पू. चौथ्या शतकात बांधले जात असताना कोणाला कोणत्या कामाचा ठेका दिला, कोण जामीन राहिले, दगड कुठून आला, वाहतुकीचा खर्च किती, कोणाला उशिराबद्दल दंड झाला, अशा नोंदी या क्षेत्राने कोरून ठेवल्या. देवळाच्या वास्तुविशारदाचे नाव थिओडोटस. त्याला वर्षाला ३५३ ड्राक्मा मिळत. म्हणजे दिवसाला साधारण एक ड्राक्मा, एका कुशल कारागिराच्या रोजंदारीइतकाच.